विसावी खूण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कागावाद मेल्कोर कालियावान गावच्या बालवाडीत, मुलांच्या दोन लाल खुर्च्या जोडून त्यांवर बसलेले असताना, मोठ्याने रडू लागले. डाव्या हाताचं बोट त्यांनी उजव्या मुठीत धरलं होतं. पायाशी प्लास्टिकचं पातेलं पडलं होतं. ते बोटावर पडलं असं त्यांचं म्हणणं होतं. पातेल्याचं वजन एका अंड्याइतकं होतं.

कागावाद म्हणजे गावसमितीचा निवडून आलेला सभासद, आणि असा माणूस कामाच्या दिवशी सकाळी बालवाडीत बसून रडत नाही. पण मेल्कोर यांच्या रडण्याचं कारण एका फॉर्ममध्ये होतं.

फॉर्म बालवाडीतल्या लिवाय नावाच्या मुलीचा होता. लिवायचा वाढदिवस बावीस सप्टेंबरला. ऑगस्ट संपायच्या आत ज्यांना पाच वर्षं पूर्ण होतात त्यांना शाळा घेते. तिला बावीस दिवस कमी पडत होते. अशा मुलांसाठी नियमात एक खिडकी होती: मूल शाळेला तयार आहे असं फॉर्मवर सिद्ध झालं तर प्रवेश मिळे. शहराच्या कचेरीतून येणाऱ्या मॅडम ओदेत यांनी मार्चपासून तीन खेपा करून तिचा फॉर्म भरत आणला होता. उड्या मारणं, मोजणं, रंग ओळखणं, स्वतःच्या हाताने जेवणं, सगळं पार पडलं होतं. अडलं होतं सामाजिक वर्तनाच्या पानावर. तिथे चोवीस मुद्दे होते, वीस खुणा लागत होत्या आणि लिवायच्या एकोणीस झाल्या होत्या.

चार मुद्द्यांवर फुली होती आणि प्रत्येक फुलीशेजारी ओदेत यांनी बारीक अक्षरात कारण दिलं होतं. 'दुसऱ्याचं खेळणं मागून घेते' या मुद्द्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'मागत नाही. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत शेजारी बसून राहते.' उरलेला एक रकाना कोरा होता: 'रडणाऱ्या सवंगड्याला आपणहून धीर देते.' हा मुद्दा आईबापांच्या किंवा टीचरच्या सांगण्यावरून धरायचा नाही, तपासणाऱ्याने स्वतः पाहिला पाहिजे, असा नियम होता. आणि ओदेत आल्या की बालवाडीत कुणी रडतच नसे. पाहुण्या बाईंसमोर सगळी बारा मुलं हात मांडीवर ठेवून बसत.

लिवायच्या बरोबरीची पाच मुलं जूनमध्ये शाळेत जाणार होती. लिवाय मागे राहिली असती तर तिच्या वाट्याला तीन वर्षांची पोरं आली असती, आणि त्यांच्याशी तिचं बोलणं 'ते तोंडातून काढ' एवढ्यापुरतंच होतं. तिची आई कुवेतमध्ये एका घरी कामाला. दर रविवारी तिचा फोन येई आणि ती विचारी, "शाळेचे कपडे शिवायला टाकले का?" लिवायची आजी, लोला सियोनिंग (लोला म्हणजे आजी), दर रविवारी "हो" म्हणे. कापड अजून दुकानातच होतं.

सोमवारी लोला सियोनिंग बालवाडीच्या पायरीवर येऊन बसली. टीचर मर्लिंडा फरशी पुसत होत्या.

"टीचर, उद्या एखाद्या पोराला चिमटा काढला तर?"

"लोला!"

"हळूच गं. वळ उठणार नाही असा."

"अहो, शुक्रवारी फॉर्म जाणार. मॅडम उद्या शेवटच्या येतायत. मलाही काळजी आहे. पण चिमटा नाही."

लोलाने मग शेजारच्या चारीला तळलेलं केळं कबूल केलं, उद्या मॅडमसमोर रडायचं या बोलीवर. चारी म्हणाली, आधी दे. केळं खाल्ल्यावर चारीला रड म्हटलं तर ती इतक्या आनंदात होती की तिला उचकी लागली.

तेव्हा लोलाला मेल्कोर आठवले. गुड फ्रायडेला चॅपलच्या अंगणात नाटक होतं आणि त्यात अकरा वर्षं गुरूला नाकारणाऱ्या पेत्राची भूमिका त्यांच्याकडे आहे. कोंबडा आरवतो आणि पेत्राला आपली चूक कळते, त्या ठिकाणी मेल्कोर असे रडतात की मागच्या बाकावरच्या बायकाही रुमाल काढतात. आसपासच्या सात गावांत एवढं रडणारा माणूस नाही.

"पण लोला, मी सवंगडी कसा?" मेल्कोर म्हणाले.

"खेळलास की सवंगडी. तू उद्या खिडकीची पट्टी बसवायला जा. पोरं बोलावतीलच. त्यांच्यात बस, खेळ, आणि रड."

"मॅडमना कळलं तर?"

"तुझ्या रडण्याला आजवर कुणी नाव ठेवलंय का रे?" लोला म्हणाली. "आणि हे बघ, आमच्या घरात मतं सात आहेत."

ठरल्याप्रमाणे मंगळवारी नऊ दहाला ओदेत आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी मांडीवर फॉर्म घेतला. मेल्कोर स्क्रूड्रायव्हर घेऊन खिडकीशी उभे होते. पाच मिनिटांत मुलांनी त्यांना भातुकलीत ओढलं. लिवायने त्यांना पानांचं सूप वाढलं आणि म्हणाली, "फुंकर मारा. गरम आहे." त्यांनी मन लावून फुंकर मारली. नऊ चाळीसला पातेलं पडलं.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे झाली. मोठ्या पाच मुलांनी मेल्कोर यांना वेढलं. कुणी पाठ थोपटली, कुणी त्यांच्या तोंडात बिस्किट कोंबलं, चारीने आपल्या फ्रॉकने त्यांचं नाक पुसलं. त्या पाचांनी दिलेला धीर अगदी नमुनेदार होता, पण त्यांचे प्रवेश एप्रिलमध्येच पक्के झाले होते. लिवायने हातातला डाव खाली ठेवला. ती मेल्कोर यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग त्यांच्या कानाशी जाऊन तिने काहीतरी विचारलं. मेल्कोर यांनी हुंदका देत मान डोलावली. त्या क्षणी कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मान डोलावलीच असती. लिवाय उठली आणि मागच्या बाजूला निघून गेली.

ओदेत यांनी टिपणाच्या वहीत लिहिलं: '९.४३. मूल रडणाऱ्यापासून दूर गेलं.'

ते लिहिताना दारातल्या लोला सियोनिंगने पाहिलं. तिने मेल्कोर यांना हाताने खूण केली: थांबू नकोस, आणखी. मेल्कोर यांनी आवाज वाढवला. तीन वर्षांची पोरं घाबरून त्यांच्याबरोबर रडू लागली.

बालवाडीच्या खिडक्या चॅपलच्या अंगणाकडे उघडतात. मे महिना होता, मारिया मातेला रोज संध्याकाळी फुलं वाहिली जातात, आणि अंगणात आठ-दहा बायका फुलं ओवत बसल्या होत्या. त्यातली मानांग (म्हणजे थोरली ताई) पासिंग हातातल्या माळेसकट दाराशी आली. गावात काही घडलं की पहिली बातमी तिच्याकडे असते. नसली तर ती येऊन घेते.

"मेल्कोर! अरे काय झालं?"

मेल्कोर यांनी लोला सियोनिंगकडे बघितलं. लोलाने मान हलवली: सांगू नकोस. मानांग पासिंगने ते पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"लोला उपेंग?" तिने हळूच विचारलं.

लोला उपेंग ही मेल्कोर यांची आई. वय एक्क्याण्णव. नाताळच्या प्रार्थनेनंतर ती घराबाहेर पडली नव्हती, आणि गेली दोन वर्षं अख्खं गाव मनातून तयार होतं. मेल्कोर यांना काय उत्तर द्यावं कळेना. खरं सांगावं तर मॅडम समोर बसलेल्या. म्हणून ते नुसते रडत राहिले. मानांग पासिंगने छातीवर क्रूस काढला आणि ती पळत सुटली.

पाच मिनिटांत चॅपलची घंटा वाजू लागली, मयताला वाजते तशी, एकेक ठोका सोडून.

"लोला, सांगा ना आता त्यांना!" टीचर मर्लिंडा कुजबुजल्या.

"सांगते गं. मॅडमचं पेन खाली गेलं की सांगते."

पेन खाली गेलं नाही. दहाला गावाचा तंबू आला. या तंबूवर गावप्रमुखाचं नाव आणि हसरा फोटो आहे, आणि गावातल्या प्रत्येक मयताला तो फोटो हसत असतो. मेल्कोर यांचं घर चढावर, तिथे चार खांब उभे राहत नाहीत. शिवाय शोक करणारा माणूस इथे होता. तेव्हा तंबू बालवाडीसमोरच लागला. पत्त्यांचं टेबल आलं, कारण मयताच्या घरी लोक जागतात आणि जागायला पत्ते लागतात, आणि दिवसा जागायचं नसतं याचा विचार कुणी केला नाही. कॉफीचं मोठं भांडं आलं. मारिया मातेच्या फुलांपैकी निम्म्यांचं चक्र झालं. "ती समजून घेईल," मानांग पासिंग म्हणाली.

कोळ्यांमधले सगळ्यात वयस्कर ताता गोर्यो आत आले, एका लाल खुर्चीवर कसेबसे टेकले आणि त्यांनी मेल्कोर यांचा हात हातात घेतला.

"चांगली बाई होती रे."

"होती?" मेल्कोर म्हणाले.

"तुझ्यावर फार जीव होता तिचा. शेवटी त्रास झाला नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणतायत."

मेल्कोर यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. घंटा, तंबू, फुलांचं चक्र, डोक्यावर काळं फडकं घेतलेल्या बायका. आपलं रडणं ऐकून हे सगळं आलं, हे त्यांना माहीत होतं. पण इतक्या माणसांना इतकी खात्री असेल तर घरून कुणीतरी आलंच असणार, असंही त्यांना वाटलं. रोज सकाळी आईचा हात कपाळाला लावूनच ते घराबाहेर पडत. आज रडण्याची तालीम करायची म्हणून ते घाईने निघाले होते. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. झोपली असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"आज हात लावायचा राहिला," ते म्हणाले, आणि मग जे रडू आलं त्याला आवाज नव्हता.

ओदेत यांनी मान वर केली. घड्याळ पाहून लिहिलं: '१०.०७. रडणं बदललं.'

"टीचर," त्या मर्लिंडांना म्हणाल्या, "मघाचं रडणं मी गुड फ्रायडेला पाहिलंय. पुढच्या रांगेत होते मी. हे नाही पाहिलेलं."

लोला सियोनिंगलाही आता वाटू लागलं, की उपेंग खरंच गेली आणि आपणच आपल्या तोंडाने ते घडवून आणलं. मेल्कोर घरी जायला उठले, पण चार बायकांनी त्यांना धरून खाली बसवलं. दुःखातल्या माणसाला एकट्याने चालू द्यायचं नसतं. आधी कॉफी घे, म्हणाल्या. जो तो त्यांना धरून होता आणि चढावरच्या घरी जाऊन बघावं असं एकालाही सुचलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणीतरी तिथूनच आलाय.

सवयीने ओदेत यांचं पेन फॉर्मवरचे मुद्दे लावत माणसांवरून फिरत होतं. आपली पाळी येईपर्यंत थांबतो: कॉफीच्या भांड्याशी एकही नाही. खेळात हरणं स्वीकारतो: पत्त्यांच्या टेबलावर वाद सुरू झाला होता. ऐकलेली गोष्ट खरी की खोटी हे विचारतो. इथे त्या थबकल्या. मग त्यांनी, दर अर्ध्या तासाने मोजतात तशी, मुलं मोजली.

"टीचर, अकरा आहेत."

"बारा असणार, मॅडम."

"अकरा. आणि खुर्चीही एक कमी आहे."

बालवाडीपासून समुद्र पन्नास-साठ पावलांवर आहे. पुढची दहा मिनिटं खोट्या मयताला आलेलं अख्खं गाव खरोखर घाबरून धावलं. लोला सियोनिंग गुडघाभर पाण्यात उभी राहून नातीला हाका मारत होती. तिला फॉर्म आठवत नव्हता, शाळा आठवत नव्हती, रविवारी फोनवर काय सांगायचं एवढंच आठवत होतं.

"अगं ए सियोनिंग! वर बघ, वर!" कुणीतरी ओरडलं.

चढावरून लिवाय येत होती. एका हाताने ती लाल खुर्ची ओढत होती. तिच्यामागे काठी टेकत लोला उपेंग येत होती. दहा पावलं झाली की लिवाय खुर्ची मांडी, म्हातारी बसे, दम खाई, उठे. मग खुर्ची पुढे. दोनशे पावलांच्या त्या रस्त्याला दोघींना पाऊण तास लागला होता.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. ताता गोर्यो यांच्या हातातून कप पडला. लोला उपेंग तंबूखाली आली, खुर्चीवर बसली आणि तिने आजूबाजूला पाहिलं.

"कोण गेलं?"

बायका डोक्यावरची काळी फडकी काढू लागल्या.

"अरे, कोण गेलं विचारतेय. एवढी घंटा, एवढी कॉफी, आणि मला कळवायचं नाही कुणी?"

"कुणी नाही, लोला," मानांग पासिंग म्हणाली. "ऊन फार आहे ना, म्हणून तंबू..."

"आणि ते फुलांचं चक्र?"

"ते मारिया मातेचं."

"मारिया मातेला चक्र कधीपासून चढवायला लागलीस गं पासिंग?" म्हातारी म्हणाली. "मेल्कोर कुठाय? ही पोरगी म्हणाली, रडतोय."

मेल्कोर आले. ते खाली वाकले, आईचा हात त्यांनी कपाळाला लावला आणि सोडलाच नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणून रडतोस? एवढा घोडा झालास." दुसऱ्या हाताने तिने त्यांचा चेहरा पुसला, मग तो हात त्यांच्याच शर्टाला पुसला. मेल्कोर रडायचे थांबले. ओदेत यांनी घड्याळ पाहिलं.

मग त्या लिवायसमोर उकिडव्या बसल्या. ओली लोला सियोनिंग नातीला घट्ट धरून होती.

"लिवाय, तू लोला उपेंगना का आणलंस?"

"कागावाद रडत होते."

"बाकीच्या मुलांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. तू नाही फिरवलास?"

"मी विचारलं त्यांना, आई पाहिजे का. हो म्हणाले." लिवायने थोडा विचार केला. "त्यांची जवळच राहते."

ओदेत यांनी लाल खुर्चीकडे बोट केलं.

"आणि खुर्ची?"

"लोला उपेंगला मधे मधे बसावं लागतं."

ओदेत उठल्या. टीचर मर्लिंडा प्रामाणिक बाई; त्या म्हणाल्या, "मॅडम, पण ती न विचारता बाहेर गेली. 'विचारून जाते' ही खूण आहे ना तिला? ती काढावी लागेल का?"

"ती मार्चमध्ये दिली आहे. मार्चमध्ये ती विचारून जात होती."

"मॅडम," लोला सियोनिंग म्हणाली, "ते रडणं... ते माझंच..."

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

"पहिलं."

"पहिल्याची मी खूण करतच नाहीये. दुसरं रडणं या मुलीने आणलेल्या माणसामुळे थांबलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं." आणि त्यांनी गावप्रमुखाच्या हसऱ्या फोटोखाली उभं राहून विसावी खूण केली.

आलेले लोक लगेच गेले नाहीत. कॉफी तयार होती, टेबल मांडलेलं होतं. लोला उपेंग पत्त्यांना बसली आणि तिने चार डाव जिंकले. मयताहून कुणी सरळ घरी जात नाही, वाटेत कुठेतरी थांबावं लागतं. कुणी मेलंच नसेल तर हे लागू आहे की नाही, यावर चर्चा झाली. ओदेत जाताना वळणावरच्या दुकानात पाच मिनिटं थांबल्या. काही विकत घेतलं नाही, असं दुकानदार सांगतो.

लोला सियोनिंगने त्याच संध्याकाळी कापड आणलं आणि शिवायला टाकलं. फॉर्म शुक्रवारी प्रांताच्या कचेरीत गेला.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. पाठीमागे त्या एका मुद्द्याचा तपशील द्यावा लागतो: दिवस, वेळ, ठिकाण, रडणाऱ्या सवंगड्याचं नाव, सवंगड्याचं वय. वयाच्या रकान्याभोवती कुणीतरी लाल पेन्सिलीने गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं: 'वय चुकलेले दिसते. दुरुस्त करून तात्काळ पाठवावे.' ओदेत यांनी तिथे पेन्सिलीने, स्वच्छ आकड्यांत, जे खरं तेच, त्रेपन्न लिहिलं होतं.

टीचर मर्लिंडा शहरात जाऊन त्यांना भेटल्या.

"मॅडम, सोमवारी शाळा उघडते."

"माहीत आहे."

"नुसता तीन पुसा. पाच राहील."

"मेल्कोर पाच वर्षांचे नाहीत."

"कुणाला कळणारे?"

ओदेत यांनी खोडरबर काढला, टेबलावर ठेवला आणि प्रांताच्या कचेरीला फोन लावला. तो लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही.

कपडे शिवून आले आहेत. लिवायच्या आईला अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी दुपारी बारा वाजता कचेरी बंद झाली, तेव्हा फॉर्म ओदेत यांच्या टेबलावर होता. त्याच्या शेजारी खोडरबर होता. रकान्यात त्रेपन्न होतं.